पुढे गेलेला डबा

सुबोधने हातात पांढरे सुती मोजे चढवले, डब्याच्या कडेशी नाक नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. भवानी पेठेतल्या वाचनालयाच्या सभागृहात जमलेली माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. पुण्याहून आलेला माणूस डब्याचा वास घेतो म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असणार, एवढं सगळ्यांना कळत होतं.

"जुनी फिल्म सडायला लागली की तिला आंबट वास येतो," सुबोध म्हणाला. "हिला आंबट वास नाही. फार चांगलं लक्षण आहे." त्याने पुन्हा एकदा नाक खाली नेलं आणि कपाळाला आठी घातली. "लसणाचा येतोय."

"जपून ठेवलीय," कमलाकर अभिमानाने म्हणाले.

सुबोधने झाकण उचललं. आत एकावर एक रचलेल्या, पापडासारख्या पातळ कडक भाकऱ्या होत्या आणि वर कागदाच्या पुडीत शेंगांची चटणी. सुबोध जन्माने कोकणातला, पुण्यात वाढलेला. त्याने वरची भाकरी मोज्यातल्या बोटांनी अलगद उचलली, उजेडाकडे धरली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, ही पार वाळून गेलीय."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कमलाकर हसले नाहीत. त्यांचा चेहरा भाकरीपेक्षा पांढरा पडला होता.

कमलाकरांची सगळी नोकरी सरकारच्या फिल्म विभागात गेली होती. जीपमध्ये प्रोजेक्टर घालून गावोगाव जायचं, देवळाच्या भिंतीला पडदा बांधायचा आणि लोकांना माहितीपट दाखवायचे, हे त्यांचं काम. पुढे टीव्ही आला, कार्यालय बंद झालं, जीप लिलावात गेली. भंगारात निघालेल्या सामानातून साहेबांना विचारून त्यांनी एक फिल्म आणि रिकाम्या डब्यांची चळत घरी आणली. ती फिल्म बहात्तरच्या दुष्काळातली. सांगोल्याकडे रस्त्याचं काम चालू होतं, माणसं खडी फोडत होती, तिथं कॅमेरा गेला होता. जुन्या फिल्म शोधून त्या लोकांना पुन्हा दाखवणारी पुण्याची एक संस्था होती. तिच्या लोकांनी सगळीकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की या फिल्मची दुसरी प्रत कुठंच उरलेली नाही. म्हणून सुबोध आपलं यंत्र घेऊन थेट सोलापुरात आला होता. शनिवारी फिल्म यंत्रावर उतरवून घ्यायची आणि रविवारी संध्याकाळी याच सभागृहात सगळ्यांना फुकट दाखवायची, असं ठरलं होतं. पेठेत खडूने लिहिलेले फळे लागले होते. मोबाइलवरून बातमी पार सांगोल्यापर्यंत गेली होती.

तिथूनच सोजरबाईंचा पहिला फोन आला होता. सोजरबाई त्या दुष्काळात सहा-सात वर्षांची पोर होती. तिची आई कोंडाबाई त्याच रस्त्यावर खडी फोडायला होती आणि पुढच्याच वर्षी तापात गेली. आईचा एकही फोटो नव्हता.

"भाऊ, मला आईचं तोंड आठवत न्हाय," सोजरबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "हात तेवढा आठवतो. डावरी व्हती. डाव्या हातानं हातुडा मारायची."

कमलाकरांनी ती फिल्म इतक्या गावांत दाखवली होती की डोळे मिटले तरी त्यांना ती दिसायची. डाव्या हाताने हातोडा उगारणारी एक बाई त्यात होती आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. हे त्यांनी सांगितल्यापासून सोजरबाईंचा रोज सकाळी फोन यायचा. बोलणं ठरलेलं असायचं. "फिल्म जाग्यावर हाय न्हवं?" "जागेवर आहे." "मंग बरं," आणि फोन बंद.

आता ती जागेवर नव्हती.

कमलाकर भाकरीचा डबा काखोटीला मारून तरातरा घरी आले. त्यांच्या पत्नी मालतीबाई गव्हाचं पीठ चाळत होत्या.

"हा डबा कुठला?" कमलाकरांनी विचारलं.

"माझा. तुम्ही कुठं घेऊन गेला होता तो?"

"मग माझा कुठं आहे?"

मालतीबाईंनी चाळणी खाली ठेवली. ते रिकामे डबे घरात आल्यापासून त्या त्यांत कडक भाकरी ठेवत आल्या होत्या. भाकरी त्यांत अशी बसायची की जणू सरकारने मोजमाप घेऊनच डबे बनवले होते. झाकण घट्ट, मुंगी शिरत नाही. भाकरी भरल्या की जुन्या जांभळ्या लुगड्याच्या तुकड्यात डबा बांधायचा आणि फळीवर चढवायचा. आता सुबोधने फोनवर सांगितलं होतं की फिल्म गंजक्या डब्यातून काढा, स्वच्छ डब्यात ठेवा, सुती कापडात बांधा आणि कोरड्या जागी ठेवा. कमलाकरांनी प्रत्येक शब्द पाळला. डबा चळतीतला घेतला, कापड जांभळ्या लुगड्याचं घेतलं आणि घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवला.

"इतकी वर्षं ती फिल्म तुमच्या कपाटात होती, कधी भाकरीत मिसळली नाही," मालतीबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वयंपाकघरात लक्ष घातलंत आणि हे झालं."

"पण डबा गेला कुठं?"

मालतीबाईंनी खालच्या आवाजात सांगितलं, की शेजारच्या अंकिताने परवा पातेलंभर हुलग्याचं माडगं पाठवलं होतं. भांडं रिकामं कसं परत द्यायचं? म्हणून पातेल्यावर भाकरीचा एक डबा ठेवून दिला.

"उघडून बघितला नाही?"

"माझ्याच फळीवरचा, माझ्याच लुगड्यात बांधलेला डबा मी उघडून बघू?"

दोघं तसेच शेजारी गेले. अंकिता दारातच भेटली. मालतीबाईंनी डब्याचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला.

"काकू, काय भाकरी झाल्या होत्या. एकदम खुसखुशीत. ह्यांनी तर रात्री दुधात कुस्करून खाल्ल्या."

"दुधात?" कमलाकर म्हणाले.

"हो काका. शेवटची माझ्यासाठी पण ठेवली नाही."

मालतीबाई तेवढ्या गडबडीतही क्षणभर सुखावल्या. कमलाकरांनी मात्र डब्यात काय होतं ते सांगितलं. अंकिताने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग स्वतःच्या पायांकडे. तिच्या मागे स्वयंपाकघरातल्या फळीवर तिने स्वतः केलेल्या कडक भाकरींची चळत दिसत होती. सोलापुरात कुणाच्या घरी कडक भाकरी नसते? पण आलेला डबा परत करणं म्हणजे अपमान आणि ठेवून घेणं म्हणजे अडचण. तेवढ्यात तिचे मामा हिंदुराव करमाळ्याहून केळीची गाडी घेऊन आले होते. त्यांना वाटेत खायला म्हणून तिने बांधलेला डबा तसाच दिला होता.

"काकू, रागावू नका," ती म्हणाली. "खाल्ल्या नाहीत म्हणून सांगायला बरं वाटेना."

कमलाकरांनी तिथूनच हिंदुरावांना फोन लावला. हिंदुराव मोकळ्या आवाजाचा माणूस. भाचीचे शेजारी म्हटल्यावर तर अगदीच मोकळा.

"डबा? मिळाला की. लई ग्वाड भाकरी. घरात समद्यांनी वाटून खाल्ली. आमच्या म्हातारीनं चटणीचं बोट चाटलं."

"हिंदुराव, त्यात चटणी नव्हती."

"न्हवती," हिंदुराव म्हणाले. "पर असती तर चाटलं असतं, अशी भाकरी व्हती."

कमलाकरांनी पुन्हा सगळी हकिकत सांगितली. अंकितानेही फोन घेऊन मामाला दोन शब्द सुनावले. तेव्हा कळलं की हिंदुराव परतताना वाट वाकडी करून सांगोल्याला लेकीच्या सासरी गेले होते. व्याह्यांच्या दारात मोकळ्या हाताने कसं जायचं? गाडीत आयता बांधलेला डबा होता. व्याही म्हणजे डाळिंबवाले आप्पा. हिंदुरावांनी आप्पांचा नंबर दिला आणि वर बजावलं, की डबा मी दुसऱ्याचा दिला हे तिथं बोलू नका, पोरगी नांदतीया तिथं.

आप्पांशी झालेलं बोलणं सगळ्यात वाईट ठरलं. कुणी परका माणूस सोलापुरातून फोन करून हिंदुराव पाहुण्यांच्या भाकरीची चौकशी करतो, याचा आप्पांनी सरळ अर्थ लावला, की पाहुणा आपली परीक्षा बघतोय. त्यांनी शपथेवर सांगितलं की भाकरी घरच्या सगळ्यांनी खाल्ली. कमलाकर जितका संशय दाखवायचे तितकी आप्पांची शपथ मोठी व्हायची. शेवटी ते म्हणाले, "अवो, पावण्याच्या घरचा कणसुद्धा वाया घालवला न्हाय. डब्याच्या तळाचा भुगा शेळ्यांना घातला, मंगच डबा धुतला."

"धुतला?" कमलाकरांनी विचारलं आणि ते अंकिताच्या उंबऱ्यावरच बसले.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. फळे लागले होते, सभागृह ठरलं होतं, पण कमलाकरांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे सारखी ती बाई येत होती, डाव्या हातात हातोडा धरलेली. ती आता फक्त त्यांच्या डोळ्यांत उरली होती आणि तिथून ती सोजरबाईंना काढून दाखवता येणार नव्हती.

रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"भाऊ, आमी निगालोय. माझ्या पोराची, अमृतची जीप हाय. वाटंत लेकीला घ्यायचं, ननंदेला घ्यायचं, सांजच्याला पोचतो. फिल्म जाग्यावर हाय न्हवं?"

कमलाकरांनी त्यांच्याकडेच मुक्कामाला असलेल्या सुबोधकडे पाहिलं. सुबोधने मान फिरवली.

"जागेवर आहे," कमलाकर म्हणाले. ती जागा कुठली, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

"मंग बरं," म्हणून सोजरबाईंनी फोन ठेवला.

"चल," कमलाकर सुबोधला म्हणाले. "सांगोल्याला जाऊ. तुकडा मिळाला तरी आणू."

सुबोधची गाडी सुटली. वाटेत सुबोध त्यांना धीर देत होता. फिल्म ही चिवट वस्तू असते, तो म्हणाला. पुरातून काढलेल्या फिल्म आम्ही धुऊन वाळवल्यात, उंदरांनी कुरतडलेल्या जोडल्यात. शेळीने खाल्लेली मात्र अजून आली नव्हती, हे त्याने मनातच ठेवलं. कमलाकर खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याकडेला शेळ्यांचा कळप दिसला की त्यांची मान तिकडे वळायची.

आप्पांचं घर डाळिंबाच्या बागेला लागूनच होतं. आप्पा बाजेवर बसून पाहुण्यांचं स्वागत करायला तयार होते. सोलापूरहून माणसं थेट दारात आली म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली, की हिंदुरावांनी चौकशी समिती पाठवली आहे. चहा व्हायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"म्या स्वता दोन खाल्ल्या. कालवणात चुरून."

"आप्पा, त्या डब्यात भाकरी नव्हतीच," कमलाकर म्हणाले. "सिनेमाची फिल्म होती. काळी पट्टी, गुंडाळलेली."

आप्पांचा चेहरा जरा हलला. पण एवढ्या शपथा घेतल्यावर मागे फिरायचं कसं? ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आसंल. मला जरा चिवट लागलीच व्हती."

सुबोधने खिशातून ते पांढरे मोजे काढले आणि शांतपणे हातात घालायला लागला.

"मग आप्पांना लगेच दवाखान्यात न्यायला पाहिजे," तो म्हणाला. "फिल्मवर रसायनं असतात. पोट उघडून धुवावं लागेल. घरात आणखी कुणी खाल्ली का?"

चहाचे कप घेऊन आलेल्या आप्पांच्या बायकोने ते तिथंच जमिनीवर ठेवले.

"त्यांनी काय बी खाल्लं न्हाय," ती म्हणाली. "डबा सोडलाबी न्हाय. हितं तीन डब्बे भाकरी पडल्यात, आनिक कुटं खायाची? शेजारच्या सोजराला दिला. ती म्हनली, सोलापूरला सिनेमाला निगालीया, त्या फिल्मवाल्या भाऊच्या घरी हातात न्यायला काय तरी पायजे. म्या म्हनलं, हा घे, आयता बांधल्याला हाय."

आप्पांनी घसा साफ केला.

"आता हे हिंदुराव पावण्याला सांगायचं काय कारण न्हाय," ते म्हणाले.

पण कमलाकर तोवर गाडीत जाऊन बसले होते. सोजरबाईंना फोन लावला, तर तो शेजारच्या बंद घरातच वाजायला लागला. मोबाइल चार्जिंगला लावून बाई निघून गेल्या होत्या. अमृतला लावला, तर आप्पांची बायको म्हणाली, गाडी चालवताना तो फोन घेत नाही, त्याच्या आईनेच त्याला शपथ घातली आहे. म्हणजे सगळ्या देशात उरलेली ती एकुलती एक फिल्म या घडीला एका जीपमध्ये, लेक, नणंद आणि कुणाकुणाच्या मधे, दुपारच्या उन्हात फिरत होती. त्या जीपमध्ये वाटेत कुणाला भूक लागली तर?

"लोक प्रवासात खातातच," कमलाकर म्हणाले.

"काका, बोलू नका," सुबोध म्हणाला आणि त्याने गाडी पळवली.

वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं मिळालं. मग उसाच्या ट्रॉल्या मिळाल्या. दिसेल त्या जीपमागे सुबोध गाडी लावायचा, कमलाकर खिडकीतून डोकं काढून आत जांभळं कापड दिसतं का बघायचे आणि जीपमधली माणसं त्यांना हात जोडायची. दोघं भवानी पेठेत पोचले तेव्हा सभागृह भरून माणसं दारात उभी होती. फिल्म सुरू व्हायची वेळ टळून गेली होती. आत मालतीबाई आणि अंकिता लोकांना थोपवून धरत होत्या.

पहिल्या रांगेत सोजरबाई बसल्या होत्या. नवं इरकल, कपाळभर कुंकू, शेजारी लेक, नणंद आणि निम्मी वस्ती. मांडीवर जांभळ्या कापडातला डबा. उशीर होतोय, पोरं कुरकुरतायत, हे बघून त्यांना राहवेना. सिनेमा दाखवणाऱ्यांसाठी आणलेली भाकरी, पण लोक उपाशी बसलेत त्याचं काय? त्यांनी गाठ सोडली. मालतीबाई दारापाशी होत्या. त्यांचं लक्ष गेलं आणि आपल्या लुगड्याचा काठ त्यांनी लांबूनच ओळखला. त्या गर्दीतून पुढे घुसायला लागल्या. पण सोजरबाईंनी झाकण उचललं होतं.

"अगं बया," त्या डब्यात बघत म्हणाल्या. "ह्या तर पार करपल्यात की."

दारात उभ्या असलेल्या कमलाकरांच्या कानावर ते शब्द पडले. पुढे ते नेहमी सांगायचे, की आयुष्यात एवढी गोड बातमी त्यांनी ऐकली नाही.

"सोजरबाई," ते तिथूनच म्हणाले, "हात लावू नका. जशी आहे तशी राहू द्या. तुमची आई आहे त्यात."

सोजरबाईंनी हात मागे घेतला. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी पदराचं टोक बोटांना गुंडाळलं, पट्टीचं मोकळं टोक अलगद धरून दिव्याकडे उचललं आणि एक डोळा मिटून बघितलं. बारीक बारीक चौकोन, त्यांत मुंगीएवढी माणसं. सुबोध मोजे घालून धावत आला, तेव्हा बाईंनी ते टोक त्याच्या हातात असं दिलं, जसं तान्हं मूल देतात.

आता आणखी एक अडचण निघाली. लोक म्हणाले, फिल्म आली ना, मग लावा. कमलाकरांचेही हात शिवशिवत होते. पण सुबोध ऐकेना. एवढी जुनी फिल्म प्रोजेक्टरवर चढवली तर फाटेल, आधी यंत्रावर उतरवून घ्यायची, मगच दाखवायची, असं तो म्हणाला. त्याला दीड-दोन तास लागणार होते. पोरं पुन्हा कुरकुरायला लागली. तेव्हा मालतीबाईंनी शनिवारचा तो भाकरीचा डबा पुढे आणला, भाकरी मोडून वाटायला सुरुवात केली. तो संपला तसं अंकिता घरी पळाली आणि आपली चळत घेऊन आली. मग पेठेतली एकेक बाई उठून गेली आणि डबा घेऊन आली. कुणी चटणी आणली, कुणी दही, कुणी पातेलंभर आमटी. सभागृहात असा कडाकडा आवाज चालला, की यंत्रापाशी बसलेल्या सुबोधला फिल्म तुटतेय असं दोनदा वाटलं आणि तो दचकून उठला. दुसऱ्यांदा कुणीतरी त्याच्या हातातही भाकरी दिली. यंत्राजवळ खायचं नाही असा त्याच्या संस्थेचा नियम होता, म्हणून तो दाराबाहेर उभा राहून चार खाऊन आला.

शेवटी दिवे मालवले.

पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस पडला आणि मग उजाड माळ आला. माणसांची रांग, पाट्या, धूळ. मागून भारदस्त आवाजातलं निवेदन सुरू झालं. कडाकडा आवाज थांबला. सांगोल्याकडची माणसं एकमेकांना कोपराने ढोसत ओळखीचे माळ दाखवत होती. त्यो बग म्हसोबाचा खडक. त्यो पटक्याचा माझा चुलता. सोजरबाई मात्र प्रत्येक बाईचा हात बघत होत्या. उजवा. उजवा. उजवा.

आणि मग डावा आला.

पडदाभर एक बाई उभी राहिली. तिशीची असेल. डोईवरचा पदर दातात धरलेला, डाव्या हातात हातोडा. तिने पदर सोडला आणि सरळ लोकांकडे बघून ती काहीतरी बोलायला लागली. तिचा आवाज फिल्ममध्ये नव्हता. आवाज निवेदकाचा होता. तो म्हणत होता, "शासनाच्या योजनेने समाधान पावलेली ही श्रमिक माता पाहुण्यांचे हसतमुखाने स्वागत करीत आहे."

सोजरबाई उभ्या राहिल्या. त्यांची सावली पडद्याच्या कोपऱ्यात पडली.

"खोटं बोलतोय त्यो," त्या म्हणाल्या. "आई शिव्या देतीया."

पडद्यावरच्या बाईने हातोडा कॅमेऱ्याच्या दिशेने हलवला, भुवया आवळल्या, ओठ हलवले आणि सोजरबाईंनी तिच्या ओठांबरोबर, जसं कालच ऐकलंय तसं, सांगायला सुरुवात केली.

"मेल्या, माझं तोंड काय बगतोस? त्या पोरीला उनातनं उचल, सावलीत बसीव. मंग तुझं यंतर फिरीव."

बाईच्या हाताने जिकडे खूण केली, तिकडे कॅमेरा जरा वळला. खडीच्या ढिगावर, भर उन्हात, एक बारकी पोर नाक ओढत बसली होती. निवेदक रस्त्याच्या लांबीविषयी बोलत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. लोक हसत होते, टाळ्या पिटत होते, आणि हसता हसता बऱ्याच जणांनी डोळे पुसले. कमलाकरांनी हा प्रसंग शेकडो वेळा दाखवला होता आणि प्रत्येक वेळी निवेदकावर विश्वास ठेवला होता.

"परत लावा," सोजरबाई म्हणाल्या.

परत लावली. पुन्हा परत लावली. तिसऱ्या वेळेला सगळं सभागृह कोंडाबाईच्या ओठांबरोबर शिव्या द्यायला लागलं होतं.

निघताना सोजरबाईंना त्यांचा डबा द्यायचा होता. फिल्म तर सुबोधने ताब्यात घेतली होती. तिचा मुक्काम आता पुण्याच्या थंड खोलीत. पण रिकामा डबा परत द्यायची त्या घराची रीत नव्हती. मालतीबाईंनी त्यात भाकरी भरल्या. कमलाकरांनी सुबोधकडून फिल्मची प्रत एका पेन ड्राइव्हमध्ये घेतली आणि कागदात गुंडाळून भाकरींच्या तळाशी ठेवली. अमृतला टीव्हीला कसं जोडायचं ते समजावलं. सोजरबाईंनी डबा छातीशी धरला आणि जीप गेली. रोजचा फोन बंद झाला. कमलाकरांना सकाळी थोडं चुकल्यासारखं व्हायचं.

पुढच्याच आठवड्यात करमाळ्याहून हिंदुरावांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोकळा.

"काका, तुमच्या भाकरीखाली काय तरी निगालंय. पोरानं टीव्हीला लावलं, तर दुष्काळच सुरू झाला की. समदी आळी बगून गेली. हितली म्हातारी मानसं तर उठायलाच तयार न्हाईत. आन ती बाई काय शिव्या देतीया वो."

"तुम्हाला कसं कळलं ती शिव्या देते?"

"चिठ्ठीत लिवलंय की, अमृतनं. काय काय म्हनतीया ते समदं."

आईची एकुलती एक प्रत, तीही बाईंनी स्वतःजवळ न ठेवता पुढे दिली की काय? कमलाकरांनी घाईने सोजरबाईंना फोन लावला आणि विचारलं, की तुमचा डबा करमाळ्याला कसा गेला?

"म्याच धाडला," सोजरबाई म्हणाल्या. "आप्पांच्या घरनं. अमृतनं एक काढून ठिवलीया माझ्यासाटी. रोज बगती. पर एकलीनंच किती बगू भाऊ? आईला जरा चार गावं फिरू दे की. कामाबिगर कुटं गेलीच न्हवती ती."

कमलाकरांनी फोन ठेवला आणि ते फळीकडे बघत बसले. सगळी नोकरी जीप, प्रोजेक्टर आणि सरकारी डिझेल घेऊन ते फिरले होते. तरी करमाळ्याच्या त्या आळीत त्यांचा पडदा कधी लागला नव्हता.

संध्याकाळी मालतीबाई पीठ मळायला बसल्या तेव्हा त्यांना फळीवरचे सगळे डबे खाली उतरवलेले दिसले. कमलाकर एकेकात कागदाची बारीक पुडी ठेवत होते.

"ह्यात काय?" मालतीबाईंनी विचारलं.

"फिल्म."

"आणि ह्यात?"

"फिल्मच. तू भाकरी जरा जास्त कर. आणि लुगडं फाड."

पहिला डबा अंकिताकडे गेला. दुसरा वाचनालयाच्या बाईंना, तिसरा अक्कलकोटला निघालेल्या एका ओळखीच्यांना. काही दिवस काहीच कळलं नाही. मग एका दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज अनोळखी; डब्याच्या कापडावर लिहिलेला नंबर बघून लावला होता. गाव होतं अक्कलकोटच्याही पलीकडचं, कमलाकरांनी कधी नाव न ऐकलेलं. मराठीत मधूनमधून कानडी मिसळत होती. डबा पोचला का, असं कमलाकरांनी भीतभीत विचारलं.

"पोचला की," तो माणूस म्हणाला. "लई ग्वाड भाकरी. घरात समद्यांनी मिळून संपवल्या."

कमलाकर खुशीत हसले आणि फोनवर हात ठेवून आत ओरडले, "अगं ऐकलंस का, डबा पुढे गेला."